बिब्ब्याचा डाग

माझा स्वभाव तापट. ही बढाई नाही आणि माफीही नाही. पुढचं सगळं त्याच्यापायीच घडलं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

निंबखेडच्या सरकारी दवाखान्यात मी अकरा वर्षं डॉक्टर होतो. बाळापूरपासून सात-आठ मैलांवरचं गाव. अकोल्याला जायचं तर बैलगाडीत अख्खा दिवस हाडं खिळखिळी करून घ्यायची. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं कौलारू मुडदाघर आणि पुंजाराम कंपाउंडर. पुंजाराम माझ्यापेक्षा वयानं मोठा. मी ओरडायला लागलो की तो फडकं घेऊन बाटल्या पुसायला लागायचा. आमच्या दवाखान्यातल्या बाटल्या फार स्वच्छ असत.

सगळ्यात जास्त मी ओरडायचो ते बिब्ब्यावरून. वऱ्हाडात बिब्बा कशावर लावत नाहीत ते विचारा. पाय मुरगळला, बिब्बा. टाच दुखली, बिब्बा. पाठ धरली, कुणी पडलं, कुणी आपटलं, बिब्बा. ते काळं टणक फळ सुईला टोचायचं, दिव्यावर धरायचं, तेल सुटलं की दुखऱ्या जागेवर ठिपके द्यायचे. माझ्या आईनं, माणिकबाईनं, माझ्या टाचेवरसुद्धा दिले होते, त्यांचे डाग अजून आहेत. पण त्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, कधी पू होतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक म्हातारा बिब्ब्यानं सडलेला पाय घेऊन आला आणि चौथ्या दिवशी गेला. मी ओसरीवर उभा राहून जाहीर केलं की बिब्बा लावून जो येईल त्याला या दवाखान्यात औषध मिळणार नाही. दोघा-तिघांना खरोखरच हाकलून दिलं. ही बातमी आजूबाजूच्या सगळ्या गावांत गेली. लोकांनी बिब्बा लावणं काही सोडलं नाही, मला सांगणं तेवढं सोडलं. हे मला फार उशिरा कळलं.

दवाखान्यात औषधाइतकंच दुसरं काम असे ते माराच्या दाखल्यांचं. भांडण झालं, फिर्याद झाली की पोलीस किंवा कोर्ट माणूस माझ्याकडे पाठवायचं आणि मी काय लिहून देतो त्यावर पुढचं ठरायचं. कातडी फुटली तर काम सोपं. रक्त कुणालाही दिसतं. अवघड असतो तो मुका मार. त्यात कातडी शाबूत राहते, आतलं मांस ठेचतं आणि रक्त आतल्या आत पसरतं. आधी लाल, मग निळं-काळं, मग हिरवट, शेवटी पिवळं होऊन दोन-तीन आठवड्यांत विरून जातं. त्या रंगावरून मार किती दिवसांचा ते आम्ही सांगतो. मार खोल असेल तर पहिले दोन-तीन दिवस वर काहीसुद्धा उमटत नाही.

आणि पुस्तकात आणखी एक पान होतं. खोटी फिर्याद करणारे लोक अंगाला बिब्बा लावून काळे डाग पाडतात, ते ओळखायचे कसे. खऱ्या माराच्या कडा विरलेल्या असतात, बिब्ब्याच्या रेखीव. बिब्ब्यावर बारीक फोड येतात, खाज सुटते. ते पान मला तोंडपाठ होतं. तोवर असे चार खोटे डाग मी पकडले होते आणि एकदा मॅजिस्ट्रेटनं भर कोर्टात माझी तारीफ केली होती. ती तारीफ मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितली होती.

एकतीस सालची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, नुकतीच झाली होती. बुधवारी सकाळी गोदाबाई आपल्या लेकीला घेऊन ओसरीवर आली. मन नदीच्या काठी तिचा मळा. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. वांगी, मेथी, झेंडू काढायची आणि गाडीवानाच्या पाया पडून अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारात नेऊन विकायची. लेक जमुना, एकोणीस-वीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पाच कोसांवर दिलेली. नवरा चंद्रभान काळ्या जमिनीचा धनी, अंगानं दांडगा, बोलायला मिठ्ठास. आखाजीला माहेरी जाते म्हणाली म्हणून त्यानं तिला सोमवारी मारलं होतं. ती तशीच निघून पायी आईकडे आली. गोदाबाईनं दुसऱ्याच दिवशी जाऊन कोर्टात फिर्याद दिली होती आणि कोर्टानं लेकीला दाखल्यासाठी माझ्याकडे पाठवलं होतं.

जातीच्या पंचांनीही मधेच आपला निकाल देऊन ठेवला होता. सरकारी डॉक्टरनं मार आहे असं लिहून दिलं तर पोरगी आईजवळ राहील. नाही लिहून दिलं तर मुकाट्यानं नांदायला जाईल. म्हणजे कोर्टाचं आणि पंचांचं, दोघांचंही ओझं माझ्या एका कागदावर होतं आणि ते मला ठाऊक होतं.

“कशानं मारलं?” मी विचारलं.

“आंगावर वली घोंगडी टाकली जी,” जमुना खाली बघत म्हणाली. “अन् वरतून दांडक्यानं हाणलं. म्हने, असं मारलं का डाक्तरालेबी दिसत नाई.”

मला ते लागलं. डॉक्टरला दिसत नाही म्हणजे काय? मी तिला पाठमोरी बसायला सांगितलं. उजव्या खांद्यामागं, फऱ्यावर, तळहाताएवढा काळा डाग होता. कडा रेखीव. वर मोहरीएवढे पाण्याचे फोड. दंडावर तसेच तीन ठिपके, ओळीनं. पुस्तकातलं पानच कुणीतरी तिच्या पाठीवर उतरवून ठेवलं होतं.

“काय लावलं इथं?”

“काई नाई जी,” गोदाबाई म्हणाली.

“बिब्बा लावला?”

तिनं ओसरीवरच्या लोकांकडे पाहिलं, मग पुंजारामकडे, मग माझ्याकडे. माझा आवाज चढला होता. पुंजारामनं फडकं हातात घेतलं होतं.

“नाई जी. बिब्बा नाई लावला. देवाची आन.”

“तू सांग,” मी जमुनाला म्हणालो.

जमुनानं आईकडे पाहिलं. “आई म्हनते तसंच हाये.”

बिब्बा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि दोघी माय-लेकी देवाची शपथ घेऊन नाही म्हणत होत्या. मी तिथंच भडकलो. सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणालो, “खोटा मार घेऊन येता? मले येडा समजता का? नवऱ्याच्या घरी नांदायचं नाही म्हणून बिब्ब्यानं डाग पाडून आणता, वर देवाची आन घेता?”

“साहेब, मारलंय पोरीले,” गोदाबाई हात जोडून म्हणाली. “खरंच मारलंय. ते रातभर कन्हत होती जी.”

“मग बिब्बा काहून लावला?”

“नाई लावला जी.”

मी दाखला लिहिला. दिसणारे डाग बिब्ब्याच्या तेलाने पाडलेले असून माराचे चिन्ह आढळत नाही. सही केली, शिक्का मारला.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. डाग बघताना मी त्याच्या खाली बोट दाबलं होतं, तेव्हा आतलं मांस घट्ट आणि गरम लागलं होतं. जमुना कळवळली होती. नाटक करते असं मी स्वतःला सांगितलं. पण बोटाला लागलं होतं ते लागलं होतं. शिवाय डाग पाठीवर होता, जिथं तिचा स्वतःचा हात पोचणार नाही. खोटं करणारी बाई हाताजवळची जागा सोडून पाठ कशाला निवडेल? हे सगळं त्याच पुस्तकात, त्याच पानावर, दोन ओळी खाली लिहिलं होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, दोन दिवसांनी परत आणा. चार शब्द होते ते. दोन दिवसांनी खालचं निळं रक्त त्या काळ्या डागाच्या बाहेर पसरलं असतं आणि आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मी चिडलो होतो आणि चिडलेला माणूस कुणाला परत बोलवत नाही.

पुढच्या गुरुवारी तारीख होती. मॅजिस्ट्रेटनं माझा दाखला वाचला, गोदाबाईला विचारलं, बिब्बा लावला होता का. ती शपथेवर नाही म्हणाली. मॅजिस्ट्रेटनं फिर्याद काढून टाकली आणि बजावलं की अंगावर खोट्या खुणा करून कोर्टाला फसवणाऱ्याला तुरुंगात जावं लागतं, या वेळी बाईमाणूस म्हणून सोडतो. ‘तुरुंग’ हा शब्द ऐकून गोदाबाईचे ओठ पांढरे पडले. तिला त्यातलं तेवढंच समजलं असावं.

बाहेर चंद्रभानची गाडी उभी होती. पंचही होते. त्यानं मला लवून नमस्कार केला. “तुमच्यासारखे डाक्तर हायेत म्हून गरिबाची इज्जत हाये,” तो म्हणाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

जमुना गाडीत चढली. उजवा हात तिनं पोटाशी धरून ठेवला होता. डाव्या हातानं खुंट धरून, दोनदा घसरून ती वर चढली. मी ते पाहिलं. उजवा हात का उचलत नाही, हा विचार मनात आलाही होता. तेवढ्यात कुणीतरी पानाचा विडा पुढं केला आणि मी तो घेतला.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, तीच गाडी दवाखान्याच्या मागच्या बाजूनं आली. सोबत पोलिसांचा जमादार होता. जमुना घराच्या धाब्यावर कुरड्या वाळत घालायला चढली, तोल जाऊन पडली, असं चंद्रभाननं लिहून दिलं होतं. तो स्वतः मुडदाघराच्या दाराशी बसून रडत होता, अगदी नीट रडत होता.

पोटावर एक ओरखडाही नव्हता. कातडी स्वच्छ. पोट उघडलं तर आत रक्तच रक्त. आमच्या भागात हिवतापानं प्लीहा, लोक पानथरी म्हणतात ती, वाढलेली असते, जमुनाचीही होती. ती फुटली होती. तिला फुटायला एक लाथ पुरते, किंवा कापड टाकून मारलेला एक गुद्दा. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. मी तिचे तळहात पाहिले, कोपरं, गुडघे पाहिले. धाब्यावरून पडणारं माणूस हात पुढं टाकतं, खरचटतं, माती लागते. कुठं काही नव्हतं.

मग आम्ही तिला पालथं केलं. माझा डाग तिथंच होता. माझाच म्हणतो, कारण सही माझी होती. फोड सुकून खपली धरली होती. जिवंत माणसाला कापून बघता येत नाही, तेव्हा सगळं वरून ओळखायचं असतं. आता कापता येत होतं. मी खपलीवरून आडवा छेद घेतला. बिब्ब्यानं भाजलेली कातडी वरच्या वर संपली. तिच्या खाली मांसात, बोटभर जाडीचा, वीतभर पसरलेला जुन्या रक्ताचा थर होता. तपकिरी, कडेनं पिवळा पडत चाललेला. दोन आठवड्यांचा. त्या सोमवारचा.

बिब्बा इतका खोल जात नाही.

पुंजाराम परात धरून उभा होता. अकरा वर्षांत त्यानं मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, “साहेब, दुखते म्हून मायनं लावला असन. माह्या घरीबी लावतेत.”

“मग तिनं मला सांगितलं का नाही?”

“तुमाले कोन सांगन जी?”

मी सुरी खाली ठेवली. हात धुवायला गेलो आणि किती तरी वेळ धूतच राहिलो.

मी अहवालात सगळं खरं लिहिलं. मारानं मृत्यू. आणि आधीचा दाखला चुकीचा होता, असंही लिहिलं. वरचे साहेब रागावले, पण खटला उभा राहिला. सरकारी वकिलानं मला सरळ सांगितलं, “डॉक्टर, आता सगळं एका गोष्टीवर आहे. सोमवारचा मार खरा होता हे ठरलं तर धाब्याची गोष्ट टिकत नाही. त्या म्हातारीला एवढंच म्हणू द्या की बिब्बा तिनं औषध म्हणून लावला.”

मी अकोल्याला गेलो. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या बाजारात गोदाबाई वांग्यांच्या ढिगामागं बसली होती. मला पाहिल्याबरोबर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. बिब्ब्याचं तेल हाताळणाऱ्याच्या बोटांवरही डाग पडतात. तिच्या बोटांवरचे डाग केव्हाच गेले असतील, पण तिनं हात झाकले.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या रोग्याशी, रोग्याच्या आईशी, मी हळू बोललो. “गोदाबाई, चूक माही झाली. तुमी बिब्बा दुखण्यासाठी लावला, मले ठाऊक हाये. तेवढं कोर्टात सांगा. तुमाले काही होनार नाही. चंद्रभानले सजा होईन.”

ती वांग्यांवर पाणी शिंपडत राहिली.

“म्या काई लावलं नाई जी.”

“गोदाबाई, मी रागावणार नाही.”

“नाई लावलं साहेब. तुमी तवा लिवलं, पोरगी गेली. आता काय लिवून राहिले?”

मी गयावया केली. शेजारची गंगूबाई भाजीवाली बघायला लागली, गिऱ्हाइकं थांबली. गोदाबाई मान खाली घालून एकच वाक्य म्हणत राहिली. अकरा वर्षं मी या लोकांना जे शिकवलं होतं, ते ती नीट शिकली होती.

खटल्यात चंद्रभानचे वकील केशवराव म्हणून होते. त्यांनी माझे दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले. “डॉक्टर शेषराव, सही दोन्हीवर तुमचीच ना? मग तुम्ही खोटं तेव्हा लिहिलंत की आता?”

“तेव्हा चुकलो,” मी म्हणालो.

“म्हणजे तुम्ही चुकता?”

कोर्टात हशा पिकला. मग त्यांनी गोदाबाईला उभं केलं. सगळं कोर्ट तिच्या तोंडाकडे बघत होतं आणि मी तर देवाचं नाव घेत होतो, जे मी सहसा घेत नाही.

“बाई, तुम्ही लेकीला बिब्बा लावला होता?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणा. माझा चेहरा तेव्हा कसा दिसला असेल कोण जाणे. माझा चेहरा हसरा कधीच नव्हता.

“नाई जी. देवाची आन.”

“मग कुणी लावला?”

तिनं हात पुन्हा पदराखाली घेतले. केशवराव न्यायाधीशांकडे वळून म्हणाले की आईनं लावला नाही तर मुलीनं कुणाकडून तरी लावून घेतला. खोटी खूण करणारी बाई, वाढलेली पानथरी, आणि धाब्यावरून पाय घसरला. जुन्या रक्ताविषयी एकटा डॉक्टर सांगतो, आणि हा डॉक्टर स्वतःच कबूल करतो की आपण चुकतो. चंद्रभान संशयाचा फायदा मिळून सुटला. दिवाळीनंतर त्यानं दुसरं लग्न केलं. पत्रिका मलाही आली.

मी बदली मागितली. जायच्या आधी एकदा नदीकाठच्या मळ्यावर गेलो. कशासाठी गेलो ते सांगता येणार नाही. गोदाबाई झेंडूची रोपं लावत होती. मी बांधावर उभा राहिलो. तिनं बस म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. झोपडीच्या कोनाड्यात पणती होती, सुई होती, आणि चिंधीत बांधलेले चार-पाच बिब्बे. तिनं माझी नजर कुठं गेली ते पाहिलं. या वेळी ती ते लपवायला उठली नाही.

रोपाभोवतीची माती दाबत दाबत ती म्हणाली, “साहेब, एक इचारू?”

“विचारा.”

“बिब्ब्यानं दुखनं कमी होते ना जी?” तिनं वर पाहिलं नाही. “पयल्या राती लय कन्हली ते. मंगयवारी सांजच्याले म्या लावला, तवा उगी झाली. माह्या मांडीवर डोकं ठेवून सकायपावतर निजली. मले वाटलं, उतार पडला.”

बिब्ब्यानं दुखणं कमी होत नाही. कातडी इतकी भाजते की आतलं दुखणं त्यापुढं जाणवत नाही, एवढंच. हे मी अकरा वर्षं त्या ओसरीवरून ओरडून सांगितलं होतं.

“होते, गोदाबाई,” मी म्हणालो. “बिब्ब्यानं कमी होते.”

तिनं मान हलवली आणि पुढचं रोप हातात घेतलं.